तांबड्या ठिपक्याचं कोकरू: चिक्कोडी भागातल्या मेंढपाळांनी ‘नावाच्या मटणा’ला दिलेलं उत्तर

चैत्रातली सकाळ. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिक्कोडी तालुक्यातल्या एका शिवारात लिंबाच्या फांदीला काटा टांगला होता आणि 18 कोकरं एकेक करून वजनाला लागत होती. 12 पास झाली, 6 परत गेली. त्या 6 मधली 5 वजनात कमी पडली. सहावं मात्र चांगलं दांडगं होतं, पण त्याच्या मानेवर तळहाताएवढा तांबडा ठिपका होता, आणि कागदावर लिहिलं होतं: ‘दख्खनी जात, काळा रंग, कपाळावर पांढरं चालेल.’ ज्या तात्यांचं ते कोकरू, ते काही बोलले नाहीत. पुढचे पाय धरून त्यांनी ते खाली घेतलं, ठिपक्यावरून एकदा हात फिरवला आणि वाघरीकडं, म्हणजे कोकरं कोंडायच्या जाळीकडं, सोडून दिलं.

काट्यावरचे आकडे मी लिहून घेत होतो. तो कागद, म्हणजे आमच्या मुलखाच्या नावाचा शिक्का मारून मटण विकायच्या अटी, मीच गावात आणला होता. पुढं चार महिन्यांत त्याला हो म्हटलेल्या 9 घरांतली 6 घरं बाहेर पडली. असं का झालं, हे त्या लोकांच्या तोंडून ऐकायला मला आख्खा पावसाळा लागला. ते जसं कळलं तसं मांडतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आमच्या सीमाभागात ‘बकरी’ म्हणजे मेंढी. शेळीला शेरडू म्हणतात. ‘बकरी राखतो’ असं कुणी सांगितलं की तो धनगर, त्याच्या डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं आणि पुढं मेंढरांचं खांड. कोवळ्या कोकराला पालवं म्हणतात, आणि पालव्याचं मटण म्हटलं की निपाणी-कोल्हापूरकडचा माणूस चार पैसे जास्त मोजायला तयार होतो. शेजारचा कन्नड बोलणारा कुरुबर त्याच जनावराला ‘कुरी’ म्हणतो. दोघांचा देव एकच. आम्ही बिरदेव म्हणतो, ते बीरप्पा म्हणतात. माघात रायबाग तालुक्यातल्या चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत दोघं एकाच भंडाऱ्यात पिवळे होतात.

प्रस्ताव काय होता

मी एका छोट्या शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघतो. शहरात मटण विकणारी एक कंपनी आमच्याकडं आली. तिला ‘सीमाभागातलं दख्खनी कोकरू’ असा शिक्का मारून माल विकायचा होता. अटी साध्या दिसत होत्या. कोकरू आमच्याच गटात जन्मलेलं हवं, जात दख्खनी हवी, वय 5 महिन्यांच्या आसपास, जिवंत वजन कमीत कमी 20 किलो, कानात 12 आकडी बिल्ला, औषध-इंजेक्शनची नोंद. दर जिवंत वजनावर किलोला 360 रुपये. पैसे 7 दिवसांत बँकेत. दर महिन्याला माल लागेल, असंही ठरलं. पुढं जम बसला तर गटाच्या नावानं भौगोलिक मानांकनासाठी, म्हणजे मालाचं नाव त्याच्या मुलखापुरतं राखणाऱ्या सरकारी नोंदीसाठी, अर्ज करायचा, हा माझा विचार होता.

मला तो प्रस्ताव मनापासून आवडला होता. 2019 च्या पशुगणनेत कर्नाटकात 1 कोटी 11 लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात 27 लाखांच्या आत. एवढं धन आमच्या बाजूला, आणि पांढऱ्या-तांबड्या रश्शाचं नाव मात्र पलीकडं कोल्हापूरला. आमचं बकरू सीमा ओलांडून जातं आणि वाटेत त्याचं गाव पुसलं जातं. हे मला लहानपणापासून सलतं.

दिवाळीनंतर बिरदेवाच्या देवळात बैठक घेतली. 21 घरांतली माणसं आली, 9 घरांनी हो म्हटलं. उरलेल्यांना अजून समजलं नाही, सवयीनं समजेल, असं मी तेव्हा माझ्या वहीत लिहिलं. ते वाक्य मी नंतर खोडलं.

रुमालाखालचा भाव

ज्यांनी बैठकीत ‘नाही’ म्हटलं त्यांच्याकडं मी कारण विचारायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा हेड्याचा, म्हणजे जनावरं विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचा, विषय निघाला. आठवडी बाजारात हेडी आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. बाहेरच्या माणसाला यात फसवणूकच दिसते. मलाही तसंच वाटायचं.

एक मामा मला म्हणाले, ‘‘बाळा, तुझा काटा खरा बोलतो, मान्य. पर काटा उसनं देतो काय? माझी पोरगी उजवली तवा हेड्यानं आगाऊ पैसं दिलं. बकरी अजून पोटात होती.’’

हेडी तळावर येतो, वाडा, म्हणजे फिरता कळप आणि बिऱ्हाड, जिथं असेल तिथं येतो. तो उक्तं घेतो: चांगलं, मध्यम, लंगडं, खोकणारं, सगळं एका सरासरी भावात. पैसे तिथल्या तिथं मोजतो. त्याचा भाव कमी असतो यात शंका नाही, पण त्या कमी भावात बरंच काही मोजलेलं असतं. मेंढी ही या घरांची बँक आहे. दवाखाना आला, एक बकरू. शाळेची फी आली, एक बकरू. अशा घराला ‘अजून तीन आठवडे थांब, 20 किलो होऊ दे’ असं सांगणं म्हणजे बँकेला तीन आठवडे कुलूप घालणं.

चैत्रातल्या त्या 18 कोकरांचा हिशोब मी नंतर तात्यांच्या तळावर बसून केला. हेड्यानं आधी उक्त्यात 6,500 चा भाव सांगितला होता. 18 कोकरांचे 1,17,000 झाले असते. आमच्या काट्यावर 12 कोकरं मिळून 252 किलो भरली. 360 नं 90,720 रुपये. उरलेली 6 तात्यांनी त्याच हेड्याला दिली. तोवर गावभर झालं होतं की ही नापास झालेली आहेत. हेड्यानं 6 मिळून 25,800 दिले. एकूण 1,16,520.

म्हणजे शिक्का मारून, बिल्ले लावून, नोंदी ठेवून 480 रुपये कमी.

वरून कंपनीचे पैसे 7 दिवसांच्या जागी 40 दिवसांनी आले. चैत्र-वैशाख म्हणजे जत्रांचा, म्हाईंचा हंगाम. घरात पाहुणे, देवाला नैवेद्य, आणि पैसे अडकलेले. मी रोज फोन करायचो. तात्या मला एकदाही टाकून बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

त्या हिशोबात मला जी गोष्ट दिसली ती आधी कुठल्याच बैठकीत माझ्या तोंडून आली नव्हती. शिक्का चांगल्या मालाला वर काढतो, तेव्हा उरलेल्या मालावरही एक शिक्का बसतो. तो कागदावर नसतो, पण बाजाराला वाचता येतो. हेड्याच्या उक्त्या भावात चांगलं कोकरू वाईटाला सांभाळून घेत होतं. आम्ही चांगलं काढून नेलं आणि वाईटाला एकटं पाडलं.

ठिपका कुठून आला

आता त्या तांबड्या ठिपक्याकडं येतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

दख्खनी मेंढी काळी, काटक, चाल सहन करणारी. लोकर जाड, घोंगड्याची. पण ती वाढते हळू. नुसत्या चरणीवर 5 महिन्यांत 20 किलो भरणारं अस्सल दख्खनी कोकरू क्वचित. अथणीच्या पलीकडं, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात माडग्याळ नावाचं गाव आहे. तिथली मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, नाक पोपटासारखं बाकदार. ती भरभर वाढते. घोंगड्याला मागणी होती तोवर काळ्या लोकरीला किंमत होती. आता कातरलेली लोकर बांधावर टाकून देतात, काही ठिकाणी तर कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही. मग काळेपणा कशासाठी जपायचा? हेडी डोळ्यानं माप घेतो, त्याला अंग दिसतं. म्हणून या भागातल्या कितीतरी कळपांत माडग्याळचा मेंढा शिरला. हे कुणी लपूनछपून केलेलं नाही, बाजारानं सांगितलं तसं शहाणपणानं केलेलं आहे.

आमच्या कागदाला जात दख्खनी हवी होती आणि वजन माडग्याळचं. हे दोन्ही मीच टाईप केलं होतं आणि दोन ओळी एकमेकींशी भांडतात हे मला दिसलं नव्हतं.

तात्यांना पहिल्या दिवसापासून दिसलं होतं. श्रावणात मी त्यांना भेटायला अथणीकडच्या माळावर गेलो तेव्हा ते बोलले. ‘‘ती पाच परत गेली न्हवं, ती पाचच्या पाच अस्सल काळी. आणि पास झालेल्या बारातल्या आठांचा बाप माडग्याळचाच. रंगानं काळी पडली म्हणून सुटली. ठिपक्याचं तेवढं सापडलं.’’

मी विचारलं, ‘‘मग तात्या, तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘तू कागद आणलेलास. कागदाला काय सांगायचं?’’

याच गटातल्या एका तरुणानं फलटणच्या निंबकर संस्थेनं तयार केलेल्या नारी सुवर्णा जातीच्या 4 मेंढ्या आणल्या आहेत. दख्खनीत सुंदरबनाकडच्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा गुण आणून ती जात बनवली. त्याच्या जुळ्या कोकरांना कागद काय म्हणणार? तो पोरगा गोठ्यात बांधून मका-घास घालतो, त्याला महिन्याला माल देणं जमतं, वजनही जमतं. शिक्क्याला सगळ्यात उत्साहानं हो म्हणणारा तोच होता आणि आजही टिकून असलेल्या 3 घरांत तो आहे. पण ज्या माळाच्या, चालीच्या, चरणीच्या नावावर ते मटण विकायचं, तो माळ त्याच्या मेंढीनं बघितलेलाच नाही. मी त्याला नाव ठेवत नाही. त्यानं कष्ट केलेत. पण शिक्का चालणाऱ्या धनगराच्या नावावर आणि पैसा बांधून पाळणाऱ्याला, असं होऊ लागलं तर बाकीच्या 18 घरांनी का यावं?

वाड्याला गाव कुठलं?

चिक्कोडी-निपाणीकडची काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते. खुरं सडतात, कोकरं दगावतात. म्हणून पावसाच्या तोंडावर वाडा पूर्वेला निघतो: रायबाग, अथणी, तिथून जतकडं नाहीतर विजयपूरकडं. घोड्यावर बिऱ्हाड, सोबत कुत्री, कोंबड्या, दुधाला दोन-चार शेरडं. दिवाळीनंतर परत फिरायचं. मग कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठची रानं मोकळी होतात, शेतकरी खतासाठी रात्री बकरी बसवून घेतात, त्याचं धान्य किंवा पैसे देतात, उसाचं वाडं मिळतं. ही बसणूक म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा मोठा वाटा.

मेंढी 5 महिने गाभण राहते. पूर्वेच्या माळावर ज्येष्ठ-आषाढात फळते, दिवाळीच्या आगंमागं परतीच्या वाटेवर किंवा घरच्या शिवारात विते. चैत्रात कोकरू विकायला येतं. महिन्याच्या महिन्याला माल द्यायचा तर हे सगळं चक्र मोडावं लागेल. आणि जन्मगाव कुठलं लिहायचं? आई चिक्कोडीची, फळली जतच्या माळावर, विली रायबागच्या उसाच्या फडाशेजारी, कोकरू वाढलं वेदगंगेच्या काठाला. आमच्या अर्जात ‘गाव’ या शब्दापुढं एकच चौकोन होता.

इथं दोन बाहेरची उदाहरणं सांगतो. मी ती बैठकीत घाईघाईनं सांगितली होती आणि चुकीची सांगितली होती.

स्पेनमधल्या आरागॉन प्रांतात ‘तेर्नास्को’ नावाचं कोकरू आहे. त्याला 1989 मध्ये तिथं मानांकन मिळालं, 1996 मध्ये युरोपीय संघाचं. 70 ते 90 दिवसांचं कोकरू, मटण 8 ते 12.5 किलो भरलं पाहिजे. फ्रान्समध्ये सिस्तरोंचं कोकरू आहे, 2007 पासून मानांकित, 70 ते 150 दिवसांचं, मटण 13 ते 19 किलो. मी बैठकीत सांगितलं, बघा, तिथं कसे कडक नियम पाळतात. जे सांगायचं राहिलं ते असं: दोन्हीकडं एकच जात धरलेली नाही, त्या मुलखात आधीपासून चालत आलेल्या अनेक जाती आत घेतल्या आहेत. वयाचे आकडेही तिथल्या खाणाऱ्याच्या तोंडातून आणि पाळणाऱ्याच्या हातातून आलेले आहेत. आणि सिस्तरोंच्या नकाशात एक गाव नाही, प्रोव्हान्सचा मोठा मुलूख आहे. त्या मुलखातले कळप उन्हाळ्यात आल्प्सच्या चढावर चरायला जातात, ती वाट शेकडो वर्षांची. चालणं हा तिथं नियमाचा भंग ठरत नाही.

आम्ही कडकपणा तेवढा उचलला आणि तो ज्या मातीतून आला ती माती तिथंच ठेवली.

गूळ आणि चप्पल

नकाशाचा विषय निघाला की आमच्या भागात माणूस सावध होतो. त्याला कारण आहे. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला मानांकन मिळालं. नदी तीच, ऊस तोच, गुऱ्हाळावरचा गुळव्या कधी कधी तोच, पण निपाणीकडच्या शेतकऱ्याचा गूळ कोल्हापूरच्या बाजारात गेला की ‘कर्नाटकी’ होतो. देवळातल्या बैठकीत मागं बसलेले एक आण्णा एवढंच म्हणाले होते, ‘‘गुळागत व्हायला नगं.’’ मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि पुढं सरकलो. आज वाटतं, त्या दिवशी बैठक तिथंच थांबवून त्यांना बोलू द्यायला हवं होतं. नाव मिळणं म्हणजे कुणीतरी बाहेर पडणं, हे त्यांनी गुळात बघितलं होतं. रेघ एकदा आपल्या दारावरून गेली होती, दुसऱ्यांदा ती कुठून जाणार हे विचारण्याचा त्यांना हक्क होता.

पण आमच्याच जिल्ह्यात उलटं उदाहरणही आहे. कोल्हापुरी चपलेचं मानांकन 2019 मध्ये झालं ते दोन राज्यांचं मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर. आठ जिल्हे. नाव कोल्हापूरचं, पण अथणीचा, निपाणीचा कारागीर त्यात कायद्यानं आत आहे. दोन्हीकडच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांनी मिळून ते केलं. मेंढरांच्या वाटेचा नकाशा काढला तर तो जवळजवळ याच आठ जिल्ह्यांवरून जाईल.

हे मी श्रावणात तळावर सांगितलं तेव्हा तात्या पहिल्यांदा सरसावून बसले. ‘‘चपलेचं झालं, तर चपलेच्या कातड्याचं का हुईना?’’ त्यांच्या दृष्टीनं जनावर एकच. माणसाच्या सोयीनं आपण त्याचे तुकडे वेगवेगळ्या कागदांवर मांडतो.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा, अंमल 2003 पासून, नोंदणी चेन्नईला होते, मुदत 10 वर्षांची आणि पुन्हा वाढवता येते. अर्ज उत्पादकांच्या संघटनेनं किंवा त्यांच्या वतीनं एखाद्या कायदेशीर संस्थेनं करायचा. मांसाला मानांकन मिळू शकतं याचा दाखला आहे, 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला मिळालं. नाव नोंदलं गेलं की प्रत्येक पाळणाऱ्यानं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपलं नाव वेगळं नोंदवायचं. या शेवटच्या ओळीनं या प्रकरणाला जे वळण दिलं त्याकडं येतो.

ज्यांना विचारलंच नव्हतं

अथणीकडच्या त्या तळावर मी दोन दिवस राहिलो. सकाळी माणसं मोठी बकरी घेऊन माळावर गेली. वाघरीत 30-35 कोकरं उरली आणि तात्यांच्या घरच्या, म्हणजे आक्का, आणि त्यांची सून. मेंढ्या गाभण असायचे हे दिवस, तरी मागं वेतलेल्या काहींची कोकरं होतीच. एका कोकराची आई दूध देत नव्हती. आक्कांनी शेरडाचं दूध बाटलीत भरलं, कोकराच्या जबड्याच्या कडेला अंगठा घालून तोंड उघडलं, बाटलीची निपल आत सारली. दुसऱ्या हातानं त्याचं पोट चाचपत होत्या. ‘‘जास्त पाजलं की फुगतंय,’’ म्हणाल्या. मग शेवरीचा पाला वाघरीच्या दोरीला उलटा बांधला. खाली टाकला तर कोकरं त्यावर मुततात आणि मग तोंड लावत नाहीत. एका कोकराला हगवण होती, ते वेगळं ओढून छोट्या डालग्याखाली ठेवलं. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, कुठल्या रात्री जन्मलं, त्या रात्री पाऊस होता की नव्हता, हे त्या न बघता सांगत होत्या.

आमच्या नोंदवहीत जे भरायचं होतं ते सगळं आक्कांना तोंडपाठ होतं. जन्म, आई, आजार, औषध. आणि वहीवर नाव, अंगठा, बँकेचं खातं तात्यांचं. देवळातल्या बैठकीला एकही बाई नव्हती. मी बोलावलीच नव्हती. 21 घरांचं मत घेतलं असं मी समजत होतो, घेतलं होतं 21 पुरुषांचं.

आक्कांना मी विचारलं, ‘‘या शिक्क्याचं तुम्हाला काय वाटतं?’’

त्या हसल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘‘बिल्ला मारायला बाप्ये येत्यात. कान पिकतोय. मग माशा बसत्यात, आळ्या हुत्यात. हळद कोण लावायचं? आमीच. कान फाडायचा असंल तर थंडीत फाडा, माशी नसतिया. ह्यो नियम न्हाई तुमच्या कागदात.’’

आमच्या लोकांत कानाला खूण करायची जुनी चाल आहे. प्रत्येक घराचा काप वेगळा: टोकाला, कडेला, दुहेरी. बिल्ला नवीन असला तरी कान कापणं नवीन नाही. नवीन होतं ते भर उन्हाळ्यात, सरकारी शिबिराच्या तारखेला ते करणं. आक्कांनी 2 कोकरं त्या पिकलेल्या कानापायी गमावली होती. 9 मधल्या 6 घरांनी बाहेर पडताना पैसे उशिरा आले हे कारण सांगितलं. बायकांना विचारल्यावर 4 घरांत कानाचं कारण निघालं.

त्यांचा दुसरा मुद्दा तणनाशकाचा होता. ऊसवाले बांधावर औषध मारतात, सांगत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत 7 बकरी गेली होती. ‘‘चांगलं मटण पायजे तर शेतकऱ्याला बी लिवून घ्या, की बांधाला औषीद मारल्यावर सांगंल म्हणून. सगळं आमच्याकडनंच काय लिवून घेतायसा?’’ शिक्क्याचे नियम फक्त पाळणाऱ्यासाठी असतात असं मी धरून चाललो होतो. आक्का त्यात रानमालकालाही ओढत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता कुठवर आलं आहे

त्या शहरातल्या कंपनीचा करार आम्ही पुढं चालवला नाही. त्यांचे राहिलेले पैसे शेवटी आले. 3 घरं अजून सुट्टा माल वजनावर देतात, त्यांचं बरं चाललं आहे.

बाकीच्यांशी दिवाळीनंतर, वाडे परत आल्यावर, पुन्हा बोलणं सुरू केलं. या वेळी तळावर, बायका-पुरुष मिळून, आणि मी कागद न नेता. तिथं जे ठरत गेलं त्यात काही गोष्टी पक्क्या झाल्या. जात एकच धरायची नाही. दख्खनी आणि माडग्याळ दोन्ही, आणि त्यांचं मिश्रणही, पण कोकरू चालत्या कळपातलं असलं पाहिजे. बांधून पाळणाऱ्या तरुणाला हे आवडलं नाही, तो रागावला आहे. त्याच्याशी बोलणं चालू आहे, आणि त्याचा राग मला खोटा वाटत नाही. वजनाची अट काढली, वयाची ठेवली. विक्री फाल्गुन ते आखाड एवढीच, कारण श्रावणात तसंही मटणाला गिऱ्हाईक नसतं आणि वाडा पूर्वेला असतो. नापास कोकरू तळावरून हलवायचं नाही आणि त्याचा बोभाटा करायचा नाही. आधी चार माणसांनी डोळ्यानं बघून निवडायचं, मगच काट्यावर न्यायचं. हेड्याला बाहेर ठेवायचं की आत घ्यायचं यावर दोन तट आहेत. मामांचं म्हणणं, त्यालाच गटाचा माणूस करा, त्याला वाटा ठाऊक आहेत आणि उसनं द्यायची ताकद त्याच्यात आहे. मला सुरुवातीला हे पटलं नव्हतं. आता तात्यांच्या हिशोबाचे ते 480 रुपये आठवले की पटायला लागतं.

मानांकनाचा अर्ज अजून लांब आहे. त्यासाठी जतकडच्या धनगरांना आणि विजयपूरकडच्या कुरुबरांना सोबत घ्यावं लागेल, दोन्ही राज्यांच्या मेंढी महामंडळांपर्यंत जावं लागेल. चपलेचं जे जमलं ते मेंढीचं जमवायला किती वर्षं जातील ते जातील. माघात चिंचलीच्या जत्रेला सगळे एकत्र येतातच, तिथं बसायचं ठरलं आहे.

त्याआधी गटाच्या वहीत नावं नव्यानं लिहून घेतली. 21 पैकी 13 घरांनी वापरकर्ता म्हणून घरातल्या बाईचं नाव दिलं. आक्कांचं नाव मी लिहिलं, खातं विचारलं, आणि ‘आणखी काही नियम घालायचा का’ म्हणून पेन धरून थांबलो. त्या वाघरीची दोरी ओढून बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, ‘‘लिवा. कोकरू वजनाला न्यायचं त्या दिवशी त्येच्या आईला आदी माळाला पाठवायचं. न्हाईतर दोन दिवस वरडतिया, आणि पुढच्याला पाजत न्हाई.’’

तो आमचा नववा नियम.